जुनं दिसणारं नवं: घरच्या घरी ओबडधोबड सजावट (चुकांसकट)

पाचर

मंडळी, गेलं दीडेक वर्ष एक नाद लागलाय. नवं लाकूड घ्यायचं, त्याची साधीसुधी पेटी किंवा फळी करायची, आणि मग ती कुणाच्या तरी माळ्यावर साठ वर्षं पडून होती असं वाटेपर्यंत तिचा छळ मांडायचा. या प्रकाराला ‘प्रिमिटिव्ह’ म्हणतात. अमेरिकेत १८व्या-१९व्या शतकात शेतावरच्या घरांतून घरच्याच माणसांनी हाताशी असेल त्यातून केलेल्या वस्तू असायच्या: पेट्या, खुंट्या, चिंध्यांच्या बाहुल्या, पत्र्याचे कंदील. त्यांच्यावरून ही शैली आली. सफाई कमी, चकाकी शून्य, रंग मोजके आणि मळकट. ‘रस्टिक’ हा तिचाच जरा सैल चुलतभाऊ.

गंमत अशी की पैसे नाहीत म्हणून जन्माला आलेल्या या वस्तू आज तयार घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होतो. आणि घरी करायला लागतं काय? सामानाच्या खोक्याच्या फळ्या, रिकामे डबे, जुनी चादर, सुतळी, चहा पावडर, व्हिनेगर.

पहिली फळी मी पूर्ण वाया घालवली. रंग दिला, वाळवला आणि ८० नंबरचा (जाड दाण्याचा) पॉलिश पेपर घेऊन तिच्यावर तुटून पडलो. अगदी मन लावून, सगळीकडे सारखं घासलं. भिंतीवर लावल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, “रंग संपला का?”

मग चिडून घरातलं एक खरंच जुनं स्टूल उलटंपालटं करून बघितलं. बसायच्या फळीची पुढची कड गुळगुळीत, रंगाचा मागमूस नाही. मागची कड जवळपास नव्यासारखी. खालच्या आडव्या दांडीवर, जिथे पाय टेकतात, तिथे मधोमध लाकूड चक्क झिजून बसलेलं, पण दांडीच्या दोन्ही टोकांना सांध्यापाशी रंग जाड, वर काळी मळी. फळीच्या खालच्या बाजूला चार बोटांचे पुसट डाग, कारण स्टूल उचलताना प्रत्येक जण तिथेच धरतो. म्हणजे स्टूल जिथे लोकांचा हात-पाय लागला तिथेच म्हातारं झालं होतं. बाकी ठिकाणी तरुण!

तेव्हापासून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी ती वस्तू दहा मिनिटं खोटी खोटी वापरतो. पेटी असेल तर झाकण उघडायचं, लावायचं, पेटी उचलायची, सरकवायची. अंगठा कुठे टेकला? तिथे पेन्सिलीची खूण. ठेवताना कुठला कोपरा आधी आपटला? तिथे खूण. रंग फक्त खुणांपाशी काढायचा. घरचे लांबून बघतात आणि काही बोलत नाहीत.

रंगाची माझी पद्धत सोपी आहे. कोऱ्या लाकडावर गडद तपकिरी हात, पूर्ण वाळवायचा. खुणांच्या जागी साधी मेणबत्ती दाबून घासायची. वरून दुसरा रंग, मळकट हिरवा किंवा विटकरी, मॅटच हवा. तो वाळला की १२० नंबरच्या पेपरने हलकं घासलं की मेण लावलेल्या जागचा रंग पापुद्र्यासारखा निघतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. शेवटी २२० नंबरच्या बारीक पेपरने कडा मऊ करायच्या. मेणाचा चुरा ब्रशने झटकायला विसरू नका, नाहीतर वर काही लावलं तर धरत नाही.

दुसरी लाडकी वस्तू म्हणजे डब्याचा कंदील. रिकामा डबा, वरचं झाकण पूर्ण कापलेलं, लेबल काढलेलं. आता याला खिळ्याने भोकं पाडायला गेलात तर तिसऱ्या ठोक्याला डबा चेपतो. म्हणून आत पाणी भरायचं, वर दोन बोटं जागा सोडून, आणि रात्रभर फ्रीझरमध्ये. बर्फ झाला की पाणी साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून काठोकाठ भरायचं नाही. तरीही तळ थोडा बाहेर येतोच, नंतर हातोडीने बसवता येतो. नक्षी कागदावर काढून डब्याला चिकटवायची, डबा जाड टॉवेलच्या घडीवर आडवा ठेवायचा आणि खिळा ठोकत जायचं. बर्फ आतून आधार देतो. वीसेक मिनिटांत बर्फ सुटायला लागतो, तेव्हा मोठी नक्षी असेल तर मध्येच परत फ्रीझरमध्ये. भोकांच्या आतल्या बाजूला पत्र्याचे काटे येतात, आत हात घालू नका. माझ्या बोटावर अजून खूण आहे.

तुम्ही काय करता, काय फसलं, लिहा. फोटो संध्याकाळी टाकतो.

आळशी_मुंगी

मस्त धागा, वाचनखूण साठवली. पण माझ्याकडे करवत नाही, ड्रिल नाही, हातोडी आहे ती शेजाऱ्यांची. ठोकाठोक केली तर खालचे वर येतात. अशा माणसाने काय करावं?

चिंधी

मुंगी, सुई आहे ना? मग झालं. कापड घे.

जुनी सुती चादर किंवा मांजरपाट. नवं असेल तर आधी साबणाने गरम पाण्यात धुवून खळ काढ, खळ असली की रंग ठिपक्यांत बसतो. एक लिटर उकळत्या पाण्यात चार-पाच मोठे चमचे चहा पावडर, दहा मिनिटं उकळ, गाळ. साखर घालू नकोस, हे सांगावं लागतं कारण माझ्या भाचीने उरलेल्या चहात कापड बुडवलं आणि दोन दिवसांनी त्या बाहुलीभोवती मुंग्यांची रांग. (तुझ्या नावाशी संबंध नाही.)

कापड ओलं करून, पिळून मग चहात टाक. अर्धा तास ते रात्रभर, हवा तसा रंग. ओलं असताना दिसतं त्यापेक्षा वाळल्यावर बरंच फिकं होतं, म्हणून दोन छटा जास्तच गडद होऊ दे. आणि कापड सरळ पसरून वाळवू नकोस. चुरगळून गोळा करून ताटलीत ठेव. घड्यांच्या कडांना पाणी साचून उडून जातं तिथे गडद रेघा उमटतात. त्या ब्रशने काढायला जाशील तर कधीच जमणार नाहीत. कॉफी मी पूर्ण कापडाला वापरत नाही, घट्ट कालवून बोटाने चार-दोन डाग देते, बस्स.

या कापडाची बाहुली कर. हातपाय सरळ नळ्या, तोंडाला फक्त दोन टाके डोळ्यांचे, किंवा तेही नको. भरायला उरलेल्या चिंध्या. टाके बाहेरून दिसू देत, काळ्या जाड दोऱ्याने. शिवण उलटी घालून आत लपवायची सवय असणाऱ्या बायकांना (माझ्यासारख्या) हेच सगळ्यात अवघड जातं. माझ्या पहिल्या तीन बाहुल्या इतक्या नीटस झाल्या की त्या दुकानातल्याच वाटत होत्या. चौथी रात्री दिवे गेलेले असताना शिवली, ती जमली.

एक सावधगिरी. चहातलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) आम्लधर्मी असतं, वर्षानुवर्षांनी कापड कमजोर करतं. आजीची खरीखुरी जुनी साडी किंवा जपायचं भरतकाम असल्या प्रयोगाला घेऊ नका.

क्षार

टॅनिनचा विषय निघालाच आहे तर लाकडाचंही सांगतो. रंग न देता नवं लाकूड करडं-जुनं करायचं असेल तर लोखंडाचं पाणी करा. लोखंडी तारेचा काथ्या (स्टील वूल) घ्या; स्टेनलेसची भांडी घासायची तार चालत नाही, ती विरघळत नाही. आधी साबणाने धुवून त्याचं तेल काढा. अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवा. लोखंड विरघळून आयर्न ॲसिटेट होतं. जुन्या फडक्यातून गाळून घ्या.

हे पाणी लाकडावर फासलं की लाकडातल्या टॅनिनशी त्याची क्रिया होऊन करडा ते काळा रंग येतो. पूर्वीची लिहायची काळी शाई याच जोडीवर, लोखंड आणि टॅनिनवर, बनायची. ओक, अक्रोड, बाभूळ यांत टॅनिन भरपूर, ती झटकन काळी पडतात. पाइनमध्ये फार थोडं, तिथे नुसतं लोखंडाचं पाणी मारून फिकट करडंच मिळतं. मग आधी कडक चहाचा हात द्या, वाळवा, आणि वर लोखंडाचं पाणी. त्याच चहाच्या पातेल्यात चिंधीताईंचं कापडही होईल आणि तुमची फळीही.

रंग लगेच दिसत नाही. ओला ब्रश फिरवता तेव्हा काहीच होत नाहीसं वाटतं, म्हणून माणूस दुसरा हात मारतो, तिसरा मारतो, आणि पाच मिनिटांनी फळी कोळशासारखी. आधी तुकड्यावर करून बघा, आणि पाणी फार कडक वाटलं तर साध्या पाण्याने सैल करा.

उपद्व्यापी

क्षारसाहेब, बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही हे सांगायला विसरलात. मी लावलं होतं. रात्री तीनला आवाज आला. घरात चोर शिरला म्हणून मी क्रिकेटची बॅट घेऊन स्वयंपाकघरात. ओट्यावर, भिंतीवर, आणि बायकोच्या पांढऱ्या पडद्यावर लोखंडाचं पाणी. पडदा आता रस्टिक आहे.

क्षार

:-) खरंय, चूक माझी. व्हिनेगर आणि लोखंडाच्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. तोंडावर फडकं बांधा किंवा झाकण नुसतं टेकवून ठेवा, आणि बाटली गॅसच्या शेगडीपासून लांब.

रंधा

चाळीस वर्षं सुतारकाम केलं. तुम्ही जे करताय त्याला आमच्या भाषेत फसवणूक म्हणतात. लाकडाला म्हातारपण येऊ द्यायचं असतं, आणायचं नसतं. आम्ही सांधा दिसू नये म्हणून रात्री जागवल्या आणि इथे लोक खिळा वाकडा ठोकून फोटो टाकतात.

असो. करणारच असाल तर जीव तरी वाचवा. सामानाच्या खोक्यांचं, पॅलेटचं (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीचं) लाकूड आणताना त्यावरचा शिक्का वाचा. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असतं, शेजारी देशाचं लघुरूप आणि दोन अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, किमान ३० मिनिटं. ते चालतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, हात लावू नका. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलकट, रसायनाचे डाग असतील तर तेही नको. तिथे काय सांडलं होतं देव जाणे.

दुसरं. लाकडाखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर आत किडा जिवंत आहे. तुम्हाला ती भोकं ‘अस्सल’ वाटतील. तो किडा तुमचं बाकीचं फर्निचर खाईल. छोटी वस्तू असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून मोठ्या फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशाला दोन आठवडे ठेवा. मोठी असेल तर आणूच नका.

तिसरं, जुन्या रंगवलेल्या दार-खिडक्या घासत बसू नका. जुन्या तैलरंगात शिसं असायचं. अमेरिकेत घरच्या रंगातलं शिसं १९७८ साली बंद झालं, कित्येक ठिकाणी त्याच्याही नंतर. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. जुना रंग असेल तर तो तसाच ठेवा, वरून पारदर्शक मॅट वार्निश मारा. तुम्हाला उडालेला रंगच हवा आहे ना, तो तर आयताच मिळालाय.

पाचर

रंधाकाका, शिव्या देऊन जे दिलंत ते लाखमोलाचं आहे. मी आजवर दोन पॅलेट फोडली, शिक्का एकदाही वाचला नव्हता. आत्ता उरलेल्या फळ्या उलटून बघितल्या, ‘एचटी’ आहे. हुश्श.

फसवणुकीचं म्हणाल तर, मी ही पेटी जुनी म्हणून विकायला गेलो तर फसवणूक. तसा कुणी करत असेल तर तुमच्या रांगेत मीही उभा राहीन. मी पेटीच्या तळाला पेन्सिलीने वर्ष आणि नाव लिहून ठेवतो, पन्नास वर्षांनी कुणाचा गैरसमज नको.

काथ्याकूट

मूळ विषयाला थोडं अवांतर. ‘प्रिमिटिव्ह’ला ‘आदिम’ म्हणू नका हो कुणी. आदिम म्हटलं की गुहा, गारगोटी आणि वल्कलं. इथे तर शिवलेली बाहुली आहे. ‘ओबडधोबड’ जवळचा, पण त्यात जरा हिणवल्यासारखं आहे. मला ‘रांगडी’ आवडतो. ‘गावठी’ म्हणायचं धाडस आहे का कुणात?

चित्रकलेतही हा शब्द असाच चिकटला. कलाशाळेत न गेलेल्या, आपल्या आपण शिकलेल्या चित्रकारांना प्रिमिटिव्ह म्हणायचे. त्यातलं मोठं नाव ग्रँडमा मोझेस. जन्म १८६०. शेतावर उभा जन्म गेला, आधी भरतकाम करायच्या, संधिवाताने सुई धरवेना म्हणून सत्तरी उलटून गेल्यावर ब्रश धरला. १९३८ मध्ये एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत लावलेली त्यांची चित्रं एका संग्राहकाच्या नजरेस पडली आणि पुढे जगभर नाव झालं. १९६१ मध्ये १०१ वर्षांच्या होऊन गेल्या. लांबचं-जवळचं यांची मापं त्यांच्या चित्रात कायम चुकलेली असतात, आणि ती चित्रं बघत राहावीशी वाटतात. रंधाकाकांनी त्यांनाही सांधा दाखवला असता.

रंधा

चित्राला सांधा नसतो. खुर्चीला असतो. खुर्चीवर माणूस बसतो.

चिंधी

काका +१. दिसायला ओबडधोबड चालेल, मोडकं नको.

लोलक

कुणी दुधाचा रंग केलाय का? मी केला, दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. साय पूर्ण काढलेलं दूध हवं, स्निग्धांश राहिला की रंग धरत नाही. एक लिटर दूध कोमट करून व्हिनेगर घालून फाडायचं, चोथा फडक्यात घेऊन साध्या पाण्याने धुवायचा. हा चोथा म्हणजे केसीन, दुधातलं प्रथिन. त्यात विरवलेला चुना थोडा थोडा घालून घोटत जायचं, आणि बघता बघता तो रवाळ चोथा मऊ, खळीसारखा होतो. हा क्षण बघण्यासाठी तरी एकदा करा. चुना हाताला, डोळ्याला खातो, हातमोजे आणि चष्मा घालाच. चुन्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) घेतला तर काम जरा सौम्य होतं.

रंगासाठी गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी. या तिघांच्या मिश्रणातून जे रंग येतात ते आपोआपच मळके असतात, ‘जुना’ करायची गरजच पडत नाही. पाण्यात आधी कालवून मग घाला, कोरडी पूड टाकली की गाठी होतात (पहिलं फसणं). गाळून घ्या आणि त्याच दिवशी संपवा. दुसरं फसणं म्हणजे मी उरलेला रंग डब्यात घालून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा रंगाला जे झालं होतं ते लिहित नाही, जेवायची वेळ आहे.

कोऱ्या लाकडात हा रंग शोषला जातो आणि निघत नाही. गुळगुळीत, आधी वार्निश असलेल्या पृष्ठभागावर मात्र त्याचे पोपडे सुटतात. काही जण मुद्दाम तेच करतात.

उपद्व्यापी

पाचरने डब्याचा कंदील सांगितला, पण चकचकीत डबा बघून कसलं जुनं वाटणार? मी गंजवतो. पडद्याचा बदला! डबा आधी पेपरने खरवडायचा, कारण वर कथिलाचा मुलामा असतो, तो असेपर्यंत गंज धरत नाही. मग व्हिनेगरमध्ये दोनेक तास. मग औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन कप, व्हिनेगर चार चमचे, मीठ अर्धा चमचा, एकत्र करून फवारायचं. फेस येतो आणि डोळ्यांदेखत डबा नारिंगी होतो. वाळू द्या, परत फवारा. तीन-चार वेळा केलं की झालं. मी हे मिश्रण एका बाटलीतच भरून ठेवलंय, लागेल तेव्हा...

क्षार

थांबा! ती बाटली आत्ता उघड्यावर नेऊन भरपूर पाण्यात ओतून द्या. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र राहिले की हळूहळू पेरअसेटिक ॲसिड होतं, डोळे-घसा जाळतं, वर बंद बाटलीत वायूचा दाब. तुमचा बाटल्यांशी काय छत्तीसचा आकडा आहे कळत नाही. लागेल तेवढंच, उघड्या भांड्यात, अंगणात किंवा गच्चीत, हातमोजे घालून.

शिवाय जस्ताचा मुलामा असलेला पत्रा (बादली वगैरे) शेगडीवर जाळून मुलामा काढायचा सल्ला कुठेकुठे दिसतो. करू नका. जस्ताच्या धुराने ताप भरतो.

गंज मनासारखा झाला की धुवा, कोरडा करा आणि मॅट वार्निश किंवा मेण लावा, नाहीतर जो हात लावेल त्याचा हात नारिंगी.

उपद्व्यापी

ओतलं. गुदमरायला झालं खरं. आभार. यापुढे बाटली या वस्तूपासून लांब.

आळशी_मुंगी

चिंधीताई, रात्रभर बुडवलं, सकाळी बाहेर काढलं, धुतलं, आणि चादर पूर्वीइतकीच पांढरी! चहा पावडर कमी पडली का?

चिंधी

चादरीच्या कोपऱ्यातली चिठ्ठी वाच बघू. पॉलिएस्टर असणार.

आळशी_मुंगी

६५ टक्के पॉलिएस्टर. :-(

चिंधी

त्याला चहा चढत नाही, चढला तरी धुण्यात जातो. चिठ्ठी नसेल तर एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवायचा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. मोरीत, पाणी जवळ ठेवून. जुने बनियन, पंचे, रुमाल शोध, घरात सुती काहीतरी निघतंच.

पाचर

दिव्याचा विषय राहिला. डब्याच्या कंदिलात मी बॅटरीचा दिवा ठेवतो. बाजूला सुतळी, गोणपाट, वाळलेलं गवत अशी सगळी पेटाऊ मंडळी असतात. बॅटरीचा दिवा फार गुळगुळीत दिसतो म्हणून त्यावर मेण ओघळवून घेतलं. मेण थेट आचेवर तापवायचं नाही, उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात.

आणि कुणीतरी व्यक्तिगत निरोपात भेगाळलेल्या रंगाबद्दल विचारलं होतं. खालचा रंग वाळवा, वर पांढऱ्या गोंदाचा (फेविकॉल) हात, बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला येणार नाही इतपत सुकू द्या, मग वरचा ॲक्रिलिक रंग. ब्रश एकदाच, एकाच दिशेने. परत फिरवला की सगळं लोण्यासारखं सरकतं. गोंद जाड तर भेगा मोठ्या. मला स्वतःला हा प्रकार फारसा आवडत नाही, भेगा सगळीकडे सारख्या पडतात आणि पहिल्या फळीची आठवण येते.

रंधा

कुणी तेलाचं बोललं नाही. दुधाच्या रंगावर, लोखंडाच्या पाण्यावर शेवटी जवसाचं तेल लावतात. चांगलं दिसतं. पण ज्या फडक्याने लावाल ते गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, वाळताना तापतं, आणि गोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडून ते आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही.

मी नवखा होतो तेव्हा कामावर दुपारी फडकी भुशाच्या पोत्यावर टाकून जेवायला गेलो. परत आलो तर पोत्यातून धूर. मालकाने काही न बोलता बादली ओतली आणि फडकी एकेक करून दोरीवर वाळत घातली, कपडे घालतात तशी. ती संध्याकाळपर्यंत तिथे होती आणि येणारा-जाणारा विचारत होता. चाळीस वर्षांत परत फडकं गोळा केलं नाही. सुटं पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

मुंगीबाई, तुम्हाला ठोकाठोक नको म्हणालात. खुंट्यांची पट्टी करा. एक फळी, पाच खुंट्या. अमेरिकेतल्या शेकर या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी असल्या पट्ट्या घरभर लावल्या होत्या, खुर्च्यासुद्धा वर टांगून ठेवायचे, खाली झाडायला सोपं. हे लोक १७७४ मध्ये इंग्लंडहून तिकडे गेले. त्यांचं काम साधं असायचं, पण सांधा बघाल तर नखही शिरणार नाही. साधं आणि ढिसाळ यातला फरक बघायचा तर ते बघा.

फळी कापून आणि भोकं पाडून कुठल्याही सुताराकडून अर्ध्या तासात मिळेल. भोकं किंचित तिरकी पाडायला सांगा, खुंटीचं टोक वर झुकलं पाहिजे, नाहीतर टांगलेलं घसरतं. खुंटी गोंद लावून हाताने दाबून बसवायची. आवाज नाही.

काथ्याकूट

फसवणुकीपासून खुंटीपर्यंत! काका, तुम्हाला नाद लागतोय.

रंधा

खुंटी ही वापरायची वस्तू आहे.

आळशी_मुंगी

तीन आठवड्यांनी हजेरी. पट्टी झाली! खुंट्या काकांच्या सांगण्याप्रमाणे वर झुकलेल्या. आधी तपकिरी, मग मेण, मग विटकरी. पाचरच्या पद्धतीने दहा मिनिटं खोटं खोटं वापरून खुणा केल्या: पहिल्या खुंटीवर पिशवी, दुसरीवर छत्री, शेवटच्या दोन कोटांसाठी. तिथला रंग घासला. मधली तिसरी खुंटी रिकामी राहील असं वाटलं म्हणून ती न घासता तशीच ठेवली. चौथ्या खुंटीखाली चिंधीताईंची बाहुली, खऱ्या सुती पंच्याची, टाके वाकडे. मुद्दाम नाही, मला तेवढेच येतात.

आज पुसताना पाहिलं तर पिशवीच्या खुंटीला मी दिलेली झीज तशीच आहे, पिशवी तिथे कुणी टांगतच नाही, खुर्चीवर टाकतात. आणि तिसऱ्या खुंटीच्या वरच्या बाजूला रंग खरोखरच उडायला लागलाय. कुत्र्याचा पट्टा तिथे असतो, दिवसातून चारदा काढला-घातला जातो.

पाचर

त्या खुंटीचा जवळून फोटो टाक ना, प्लीज.

रंधा

मलाही बघायचाय. आणि तिच्यावर वार्निश मारू नका.